हलगी वाजली की पाय का थांबत नाहीत?

राळेगणसिद्धी म्हटलं की मोठ्या माणसांना पाणी आठवतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं हे गाव. इथे पाऊस तसा बेताचाच. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे गावात परत आले आणि गावकऱ्यांनी मिळून नाले अडवले, ताली घातल्या, पाझर तलाव दुरुस्त केला. पडलेलं पाणी तिथंच मुरलं आणि विहिरींना पाणी राहू लागलं. ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. आज मात्र मला पाण्याचा आवाज तुमच्या कानावर घालायचा आहे, कारण त्याच आवाजाच्या वाटेने आपल्याला अमेरिकेतल्या एका बँडपर्यंत जायचंय आणि तिथून परत पारनेरच्या यात्रेत यायचंय.

घागर नळाखाली लावा आणि डोळे मिटून घ्या. घागर भरत आली हे न बघता कळतं की नाही? कळतं, कारण आवाज चढत जातो. सुरुवातीला घोगरा असतो, मग बारीक होत होत शेवटी अगदी किरटा. घागरीतल्या हवेची ही करामत आहे. पाणी वर येतं तशी हवेची जागा आखूड होते, आणि आखूड हवा भरभर कंप पावते. कंप जितका भराभर, तितका सूर चढा.

आता दुसरा प्रयोग. काचेच्या ग्लासावर चमचा हलकेच वाजवा. थोडं पाणी घाला, पुन्हा वाजवा. आणखी घाला, पुन्हा वाजवा. काय झालं? या वेळी सूर चढण्याऐवजी उतरला! पाणी तेच, पण परिणाम उलटा. कारण आता कापणारी वस्तू बदलली. मघाशी हवा कापत होती, आता काच कापतेय. काचेला आतून पाणी चिकटलं की तिला ते ओझं घेऊन हलावं लागतं, म्हणून ती सावकाश हलते. जलतरंग वाजवणारे वाट्यांमध्ये कमीजास्त पाणी घालून सूर जुळवतात ते याच नियमावर. आवाज ऐकला की 'यात नेमकं कोण कापतंय?' असा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. पुढे लेखभर तो लागणार आहे.

अमेरिकेत बेल आडनावाचे दोन भाऊ होते, रॉबर्ट आणि रोनाल्ड. जन्म ओहायो राज्यातल्या यंग्जटाउनचा. लहानपणी घरात ढोल घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी काय केलं, तर रंगाचे रिकामे डबे गोळा केले आणि त्यांवर ठेका धरला. वाजवता वाजवता त्यांच्या ध्यानात आलं की सगळे डबे सारखे वाजत नाहीत. तळाशी किती रंग उरलाय त्यावर डब्याचा आवाज ठरतो. म्हणजे तुम्ही आत्ता ग्लासावर केलेला प्रयोग त्यांनी रंगाच्या डब्यांवर केला होता, आणि तोही खेळता खेळता! पुढे कुटुंब न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहायला गेलं. तिथे १९६४ साली या भावांनी शाळेतल्या मित्रांना घेऊन एक बँड काढला. आधी नाव ठेवलं 'जॅझिअ‍ॅक्स'. मग ते बदललं, पुन्हा बदललं. एकदा 'कूल अँड द फ्लेम्स' असं ठेवलं, पण त्या काळचे मोठे गायक जेम्स ब्राउन यांच्या साथीदारांचा गट 'फेमस फ्लेम्स' म्हणून गाजत होता. घोटाळा नको म्हणून शेवटी नाव झालं 'कूल अँड द गँग'. कूल हे रॉबर्टचं टोपणनाव. गँग म्हणजे अर्थातच त्याची मित्रमंडळी. १९६९ साली त्यांची पहिली तबकडी निघाली.

हा बँड जे संगीत वाजवायचा त्याला सोल आणि फंक म्हणतात. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं, काळजातून गायचं संगीत. फंक त्याचाच पुढचा, जास्त नाचरा भाऊ. फंकमध्ये गाण्याच्या चालीपेक्षा ठेका मोठा. ड्रम, गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असे सगळे मिळून एकच ठेका विणतात. कोणी कमी वाजवतो, कोणी मध्येच एक 'चक्' करून गप्प बसतो, पण सगळ्यांचं मिळून असं काही तयार होतं की ऐकणारा उभ्या उभ्या डोलायला लागतो.

आणि नेमकं इथेच मला आपल्या जिल्ह्याची आठवण येते.

पारनेरच्या उत्तरेला संगमनेर, पश्चिमेला जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. ही दोन्ही गावं तमाशाच्या फडांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडमालक राहुट्या टाकून बसतात, आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या यात्रेसाठी फड ठरवतात. याला म्हणतात सुपारी देणं. चैत्र-वैशाख म्हणजे यात्रांचे महिने. पारनेर तालुक्यात निघोजला मळगंगा देवीची यात्रा चैत्रात भरते. निघोज म्हणजे तेच, जिथे कुकडी नदीने खडकात रांजणखळगे कोरलेत.

फडातली वाद्यं बघा. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. नंतर पेटी आली, क्लॅरिनेट आला, आता ऑर्गन आणि ऑक्टोपॅडही आले, पण मूळ चार वाद्यांवाचून तमाशा उभा राहत नाही. गणाच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणेशस्तवनाच्या, आधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी होते. एकाने तुकडा टाकायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. मग आणखी वेगात, मग आणखी अवघड. मागे झीलकरी उभे असतात. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकली की ती उचलून धरायचं काम त्यांचं. फंक बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले मागून जसं उत्तर देतात, तसंच हे. मध्ये सातासमुद्रांचं अंतर, एकमेकांचं नावही ठाऊक नाही, आणि तरी गर्दीला हलवायची युक्ती दोघांना सारखीच सापडली. मला याचं फार नवल वाटतं.

आता आपला प्रश्न विचारू : हलगीत नेमकं कोण कापतंय? कातडं. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. वाजवण्याआधी हलगीवाला हलगी जाळाजवळ धरतो, हे तुम्ही पाहिलंय का? वाळलेला पाला, कागद, काटक्या पेटवायच्या आणि हलगी त्यावर फिरवत राहायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, थंडी घालवतोय. तसं नाही. कातडं हवेतला ओलावा शोषून घेतं आणि सैल पडतं. सैल कातडं सावकाश हलतं, आवाज 'भद्द' येतो. जाळाच्या उबेने ओलावा उडून जातो, कातडं आवळतं, आणि मग काठी पडली की 'कडाड्' असा स्वच्छ आवाज निघतो. किती वेळ धरायचं, किती अंतरावर धरायचं, हे हलगीवाल्याच्या बोटांना कळतं. जास्त झालं तर कातडं फाटतं. पावसाळी हवेत पुन्हा पुन्हा शेकावं लागतं, उन्हाळ्यात कमी. हवेतला ओलावा कातड्यावरून ओळखणारी ही माणसं आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

ढोलकीची कमाल आणखी वेगळी. तिला दोन तोंडं. रुंद बाजूचा आवाज खर्जातला, घुमणारा. अरुंद बाजूवर मध्यभागी काळी शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ कालवून ती थरावर थर चढवत, घोटत घोटत बसवलेली असते. ही शाई शोभेची नाही. साधं कातडं वाजवलं की ते एकाच तऱ्हेने कापत नाही, एकाच वेळी अनेक तऱ्हांनी कापतं. सगळ्यात सावकाश कंपाला आपण १०० म्हटलं, तर पुढचे कंप १५९, २१४ असे वेडेवाकडे येतात. त्यांचं एकमेकांशी जुळत नाही, म्हणून साध्या ढोलाचा आवाज 'धप्' येतो, त्यात सूर सापडत नाही. मध्यभागी शाईचं वजन बसलं की हे कंप सरकतात आणि जवळजवळ १००, २००, ३००, ४०० अशा सरळ पायऱ्यांवर येऊन बसतात. तारेचे कंप असेच सरळ पायऱ्यांवर असतात. म्हणून शाईवर बोट पडलं की तारेसारखा सूर निघतो आणि ढोलकी 'गाते'!

हे कोणी शोधून काढलं माहितेय? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी. होय, तेच, ज्यांना प्रकाशाच्या अभ्यासासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या १० वर्षं आधी, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत मृदंग-तबल्याच्या शाईबद्दल 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलं होतं. पुढे १९३४ साली त्यांनी वाद्याच्या कातड्यावर बारीक वाळू भुरभुरवून वाजवलं. जिथे कातडं हलत नाही तिथे वाळू गोळा होते, त्यामुळे कंपांच्या आकृत्या डोळ्यांना दिसल्या. पण जरा विचार करा. रामन यांनी शाईचं गणित मांडलं त्याच्या कितीतरी शतकं आधी कुठल्या तरी कारागिराने कानाने ऐकत, थर कमीजास्त करत, ती शाई नेमकी बसवली होती. रामन यांनी स्वतःही या जुन्या कारागिरांचं मोठं कौतुक केलं होतं.

आता यात्रेच्या मैदानात या. तंबूत पुढे बसलात तर ढोलकीवाल्याचं बोट पडतं आणि आवाज येतो, दोन्ही एकदमच. पण लांब, मैदानाच्या टोकाला उभं राहून बघा. बोट आधी पडतं, आवाज मागून येतो. प्रकाश क्षणात पोचतो, आवाजाला मात्र वेळ लागतो. उन्हाळ्याच्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. थंडीत जरा कमी. म्हणजे १७५ मीटरवर उभे असाल तर ठेका अर्ध्या सेकंदाने उशिरा ऐकू येईल. जलद ठेक्यात अर्ध्या सेकंदात एखादी मात्रा निघून जाते! आता कळलं ना, ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज सगळे एकमेकांना खेटून का उभे असतात? ते लांब लांब उभे राहिले तर प्रत्येकाला दुसऱ्याचा ठेका उशिरा ऐकू येईल आणि ताल फाटेल.

हे मोजून बघायचं असेल तर मोकळ्या माळावर जा. एका मित्राच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी द्या. त्याला लांब पाठवा, हात डोक्यावर नेऊन जोरात वाजवायला सांगा. वाजलेलं दिसणं आणि ऐकू येणं यातली फट सहज कळेल. अंतर पावलांनी मोजा, फट घड्याळाने, आणि भागाकार करा. आवाजाचा वेग तुमच्या वहीत उतरेल. रस्त्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

पण मूळ प्रश्न राहिलाच. पाय का थांबत नाहीत?

चार टाळ्या वाजवा, एकसारख्या : एक, दोन, तीन, चार. पुन्हा. पुन्हा. थोड्या वेळाने कंटाळा येतो. आता तिसरी टाळी गाळा आणि तिच्या जागी फक्त मान हलवा. गंमत वाटली ना? जिथे टाळी नाही तिथेच शरीराला काहीतरी करावंसं वाटतं. आपण अगदी स्थिर बसून ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचाल घडवणारे भाग कामाला लागतात, हे मेंदूच्या चित्रांवरून दिसून आलंय. मेंदू पुढची मात्रा कधी पडणार याचा अंदाज बांधत असतो. अंदाज दर वेळी बरोबर आला तर कंटाळा. दर वेळी चुकला तर गोंधळ. पण मधूनमधून चुकला आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येताना बरोबर ठरला, तर आनंद होतो, आणि राहिलेली जागा आपण पायाने भरतो. २०१४ साली मारिया विटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ड्रमचे छोटे छोटे तुकडे ऐकवले, त्यांतले बरेच फंकचे होते. कोणत्या तुकड्यावर नाचावंसं वाटतं असं विचारलं. फार सोप्या ठेक्याला कमी पसंती, फार गुंतागुंतीच्या ठेक्यालाही कमी. मधल्या, थोड्या आडवळणाच्या ठेक्यावर सगळ्यात जास्त लोकांना नाचावंसं वाटलं.

जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सांगत, पहिल्या मात्रेवर जोर द्या, मग मध्ये हवी तशी कसरत करा. ढोलकीवाला वेगळं काय करतो? आठ मात्रांचा ठेका धरतो, मध्ये आडव्या बोलांनी तुम्हाला हुलकावणी देतो, आणि समेवर बरोबर आणून सोडतो. नाचणारी बाई त्याच क्षणी घुंगरांचा पाय आपटते. सगळा तंबू शिट्या मारतो, तो याच क्षणाला.

आता त्या बँडचं आणि आपल्याकडच्या एका फडाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण बँड काय किंवा फड काय, एकदा जमला म्हणून टिकतो असं नाही.

'कूल अँड द गँग'ची १९७३ साली आलेली 'वाइल्ड अँड पीसफुल' ही तबकडी खूप गाजली. मग डिस्को आलं, लोकांची आवड बदलली आणि बँड मागे पडला. १९७९ साली त्यांनी जे. टी. टेलर नावाचा नवा गायक घेतला, गाण्यांची धाटणी बदलली. १९८० साली त्यांचं 'सेलिब्रेशन' आलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. आजही लग्नात, खेळाच्या मैदानात, वाढदिवसाला ते वाजतं. रोनाल्ड २०२० साली गेला. २०२४ साली या बँडला अमेरिकेत 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' हा मोठा सन्मान मिळाला.

आणि आपल्या संगमनेरच्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकर? जन्म १९३९ चा, गुजरातेतला. आईवडील दगडाच्या खाणीवर मजुरी करणारे. बालपण साताऱ्यात गेलं, तिथेच मेळ्यात नाचगाणं सुरू झालं. पुढे तुकाराम खेडकर या नावाजलेल्या फडमालकांच्या फडात त्या आल्या, त्यांच्याशी लग्न झालं आणि जोडी महाराष्ट्रभर गाजली. १९६४ साली खेडकर वारले. लहान मुलं पदरात, हातचा फडही गेला. दुसऱ्यांच्या फडात काम करत त्यांनी दिवस काढले आणि १९६९ साली स्वतःचा फड उभा केला. वर्ष बघितलंत? तिकडे बेल बंधूंची पहिली तबकडी निघाली तेच वर्ष! पुढे मुलगा रघुवीर खेडकर फडात उतरला, सोंगाड्या म्हणून नाव कमावलं, आणि फड दोघांच्या नावाने चालू राहिला. नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं होतं, त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंनाही मिळाला. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, संगमनेरला त्या गेल्या.

तंबूचा फड म्हणजे काय पसारा असतो याची कल्पना करा. वादक, नाचणाऱ्या, सोंगाडे, स्वयंपाकी, ट्रक चालवणारे, तंबू ठोकणारे. आज या गावात, उद्या पुढच्या. रात्री खेळ, पहाटे आवराआवर, दुपारी ट्रकमध्ये झोप. दसऱ्याला निघायचं आणि यात्रा संपल्या की पावसाळ्यात घरी परतायचं. सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला, तरी हे लोक तंबू ठोकत राहिले.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. हलगी-ढोलकी-नाच सांभाळणारे बहुतेक कलावंत ज्या जातीजमातींतून आले त्यांना आपल्या गावांनी वेशीबाहेर ठेवलं होतं. रात्री त्यांच्या ठेक्यावर डोलायचं आणि सकाळी त्यांना कमी लेखायचं, असं फार वर्षं चाललं. अमेरिकेत सोल आणि फंक घडवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांनीही हेच सोसलं. त्यांच्या ठेक्यांवर आज विद्यापीठांतून अभ्यास होतो. हलगीच्या कडाक्यावर, शेकण्याच्या कसबावर, जुगलबंदीतल्या हुलकावणीवर असा अभ्यास व्हायला खूप जागा रिकामी आहे, आणि तो करायला पारनेरच्या शाळेतल्या मुलामुलींपेक्षा योग्य कोण? तुमच्या घरापासून हलगीवाला हाकेच्या अंतरावर आहे. त्याला विचारा, हलगी किती वेळ शेकता, कशाच्या जाळावर, पावसात काय करता. उत्तरं लिहून ठेवा. शेकण्याआधीचा आणि नंतरचा आवाज मोबाइलवर टिपा. मोबाइलमध्ये सूर मोजणारी फुकट अ‍ॅप्स मिळतात, त्यांत आकडा किती वर सरकतो ते बघा.

आणि यात्रेत फड आला तर घरच्या मोठ्या माणसांना घेऊन वेळेवर जा. ढोलकी-हलगीची जुगलबंदी गणाच्या आधीच होते, जेवत बसलात तर ती हुकते.